शून्याचा रंग

रंगाच्या बाबतीत रंगमास्तरांशी वाद घालायची कारखान्यात कोणाची छाती नव्हती. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. गिऱ्हाइकानं पाठवलेला बोटभर तुकडा एका हातात, नुकत्याच रंगवून काढलेल्या मालाचा तुकडा दुसऱ्या हातात, आणि मोठ्या खिडकीपाशी उभं राहून सांगायचं, जुळला किंवा नाही जुळला. बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दावर कापडाची ठाणंच्या ठाणं बाहेर पडायची, नाहीतर पुन्हा पाण्यात जायची. मास्तर ओठ मुडपून, मान किंचित तिरपी करून बघायचे तेव्हा आजूबाजूचे लोक श्वास रोखून उभे राहत. "लाल एक चिमूट जास्त पडलाय," ते म्हणत, आणि खरंच तेवढाच जास्त पडलेला निघे.

शेवटच्या काही वर्षांत कारखान्यानं रंग मोजायचं यंत्र आणलं. तुकडा खाली ठेवायचा, झाकण लावायचं की पडद्यावर आकडे. मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं 'जावईबापू'. कौतुक सगळ्यांनी करायचं आणि काम एका कवडीचं नाही! यंत्र एक म्हणालं आणि मास्तर दुसरं म्हणाले, तर माल मास्तरांच्या शब्दावर जायचा. निरोपाच्या समारंभात मालकांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मास्तर त्या दिवशी घरी आले ते जमिनीच्या वीतभर वरून चालत.

त्यानंतर आठव्या महिन्यात त्यांच्या बायकोच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली.

ती सार्वजनिक तरणतलावावर पोहायला शिकवायची. सव्वीस वर्षांत तिनं निम्म्या गावाला पाण्यात ढकललं होतं आणि वर काढलं होतं. रस्त्यानं जाताना टक्कल पडलेले बाप्येसुद्धा तिला बघून आपोआप पाठ ताठ करत. अशी ती आता पुढच्या खोलीत पलंगावर पडून होती. वाचा शाबूत होती, जीभ तर पूर्वीइतकीच तिखट. पण डावं अंग लुळं पडलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे डावी बाजूच तिच्या लेखी उरली नव्हती. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायची आणि म्हणायची, "संपलं. वाढायला हात आखडता घेताय का?" डावं अर्धं ताट तसंच भरलेलं असायचं. कंगवा फिरवायची तो उजव्या केसांवरून. लेकीनं डावीकडून हाक मारली की ती उजवीकडच्या भिंतीला विचारायची, "कुठून बोलतेस गं?"

डोळ्यांत काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूनंच त्या बाजूला पाठ फिरवली होती.

व्यायाम करून घ्यायला येणारी बाई एक दिवस जाता जाता म्हणाली, "यांच्या डाव्या हाताला काहीतरी हलतं, रंगीत, जिवंत ठेवता येईल का बघा. मान वळवायचा मोह झाला पाहिजे. आपण सांगून मान वळत नाही, मोहानं वळते."

"मासे ठेवू या का गं?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"ठेवा. पण ते गोड्या पाण्यातले नकोत. वर्गाबाहेर उभं केल्यासारखे दिसतात बिचारे. ठेवायचेच तर समुद्रातले ठेवा."

मास्तरांना समुद्राच्या माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लग्नानंतर इतक्या वर्षांत तिनं तोंड उघडून मागितलेल्या वस्तू एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुसऱ्याच दिवशी ते लेकीला घेऊन माशांच्या दुकानात गेले.

लेक शाळेत गणित शिकवायची. दुकान लांबोळकं होतं, दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या, मध्ये एकच माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, आणि सगळीकडे पंपांची बुडबुड. दुकानदारीण चाळिशीची, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हात मिठानं चिरलेले. मास्तरांनी केशरी माशांकडे बोट दाखवलं तेव्हा ती हसली.

"काका, मासे सगळ्यात शेवटी. आधी पाणी. आणि पाण्याच्याही आधी पाणी तपासायचं सामान. नवीन टाकीत घाण साचते, त्या घाणीचा अमोनिया होतो. तो दिसत नाही, वास येत नाही, पण मासा त्यात आतून भाजून निघतो. तो खाऊन टाकणारे जंतू दगडांवर, वाळूत वाढावे लागतात. महिना जातो, कधी दीड महिना. अमोनिया शून्य झाल्याशिवाय मी मासा देत नाही."

तिनं टेबलावर एकेक वस्तू मांडली. पहिली कागदाची पट्टी. पाण्यात बुडवायची, रंग बदलतो, डब्यावरच्या रंगांशी ताडून बघायचा. "ही म्हणजे नुसता अंदाज. ताप आहे का हे कपाळाला हात लावून बघण्यासारखं." दुसरी थेंबांची पेटी. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, एका बाटलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि नळी पांढऱ्या तक्त्यावर धरून रंग जुळवायचा. पिवळा म्हणजे शून्य. जरा हिरवट झाला की अमोनिया आहे. जितका हिरवा, तितका जास्त. आणि तिसरं मुठीत मावेल एवढं यंत्र. त्यात पाणी आणि औषध घालून बटण दाबलं की सरळ आकडाच.

"बाबा, हे आकडेवालं घ्या," लेक लगेच म्हणाली. "जुळवाजुळवीची भानगडच नको."

"जावईबापू इथेही येऊन बसले का!" मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की मागच्या टाकीतला खेकडा दगडाखाली गेला. "अगं, चौतीस वर्षं मी खाल्लं काय आणि केलं काय? रंग जुळवायला मला यंत्र? उद्या म्हणशील, आईला बादलीत पाय घालायला जीवरक्षक ठेवा."

"थेंबांची पेटी चांगलीच आहे," दुकानदारीण म्हणाली. "डोळा चांगला असला की झालं. फक्त पहिले काही आठवडे बाटलीत थोडं पाणी इकडे घेऊन येत जा. मीही एकदा बघत जाईन. नव्या माणसाला शेवटच्या दोन रंगांतला फरक कळायला वेळ लागतो."

"नव्या माणसाला ना?" मास्तर म्हणाले, आणि लेकीनं खाली बघितलं. वडिलांचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

पाण्यातला खारेपणा मोजायला त्यांनी दुर्बिणीसारखी छोटी नळी घेतली. टोकाच्या काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, आणि छाया जिथे संपते तो आकडा वाचायचा. ती त्यांना फारच आवडली. घरी येईपर्यंत वाटेत तीनदा पिशवीतून काढून बघितली.

टाकी पलंगाच्या डावीकडे बसली. मीठ कालवलं, वाळू पसरली, दुकानदारणीनं दिलेले भोकाभोकांचे दगड रचले, पंप चालू झाला. मास्तर पुन्हा कामावर लागले. रोज सकाळी आंघोळ झाली की खिडकीपाशी स्टूल, स्टुलावर पेटी. थेंब मोजताना त्यांचे ओठ हलत. नळी तक्त्यावर धरली की जुनी सवय, मान तिरपी. निकाल वहीत उतरला की बायकोच्या उशाशी येऊन ते ऐकवत, "आज बराच हिरवा. कालच्यापेक्षा दोन घरं वर."

"म्हणजे नापास?"

"नापास."

"मग पाण्याला पुन्हा बसवा परीक्षेला."

मधूनच तिची नजर डावीकडे सरकायची. नुसत्या दगडांकडे आणि बुडबुड्यांकडे, तेही क्षणभर. पण सरकायची. मास्तरांना तेवढ्यानं मूठभर मांस चढायचं.

एकोणिसाव्या सकाळी नळी पिवळी दिसली. विसाव्याही सकाळी पिवळी. मास्तरांनी वहीत दोन शून्यं काढली आणि सरळ दुकान गाठलं.

"इतक्या लवकर?" दुकानदारणीच्या कपाळावर आठी पडली. "पाणी आणलंय का?"

"पाणी कशाला? मी आलोय ना," मास्तर म्हणाले. "बाई, लोक माझ्याकडे तुकडे घेऊन यायचे. मी कोणाकडे घेऊन गेलो नाही."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. वडिलांच्या वयाचा माणूस, घरात आजारी बायको. तिनं जाळं उचललं आणि दोन केशरी मासे पिशवीत सोडले, अंगावर पांढरे पट्टे, एक मोठा, एक लहान.

त्यानंतरचे आठ दिवस त्या घरात फार चांगले गेले, हे सांगायलाच हवं. ते मासे पोहत नसत, वेड्यासारखे डुलत. मास्तरांच्या बायकोनं पहिल्याच दिवशी मान पूर्ण वळवली आणि बोलायला लागली ती थांबेचना. "अरे, त्या धाकट्याला कोणी शिकवलंय? हात मारतोय, पाय कुठेत? कंबर सैल सोड! मोठी बघ, जरा तरी अंग सरळ ठेवते." तिसऱ्या दिवशी तिनं ताटाच्या डाव्या कडेचा उकडलेला बटाटा स्वतःच्या हातानं उचलला. लेक स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. व्यायामाच्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. मास्तर पंपाची धूळ पुसत होते आणि त्यांना वाटत होतं, आता हे जमलं.

नवव्या दिवशी धाकटा मासा पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून लटकला. कल्ले भराभर हलत होते.

"तो दमलाय," ती पलंगावरून म्हणाली. "त्याला कडेला धरायला सांगा."

मास्तरांनी पाणी तपासलं. पिवळं. शून्य. खारेपणा बरोबर. पाण्याची ऊब बरोबर. पुन्हा तपासलं. शून्य. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा वाळूवर आडवा झाला, आणि मोठी दगडाच्या भोकात तोंड घालून उभी राहिली. अंगावरचा केशरी रंग मळल्यासारखा झाला होता, कल्ल्यांच्या कडा सुजल्या होत्या. ती सकाळपर्यंत टिकली नाही. बायकोनं दोघांनाही जाताना बघितलं. आता तिला डावीकडचं दिसत होतं ना.

"तुम्ही शून्य म्हणालात," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, नुसतं विचारल्यासारखं.

"शून्यच आहे! मासेच रोगट दिले त्या बाईनं." मास्तरांनी बाटली भरली, पेटी काखेत मारली आणि तरातरा निघाले. लेक शाळेतून आली होती. ती चपला न बदलता मागोमाग धावली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी बाटली टेबलावर आपटली. "तपासा. तुमच्या हातानं तपासा, म्हणजे मी काही केलं असं म्हणायला जागा नको."

दुकानदारणीनं वाद घातला नाही. मास्तरांचीच पेटी उघडली, थेंब मोजले, नळी हलवली. पाच मिनिटं थांबली. मग तिनं नळी पांढऱ्या तक्त्यावर धरली.

"काका, हा रंग कोणता?"

"पिवळा."

तिनं मान वर केली. लेक नळीकडे बघत होती. दुसरं एक गिऱ्हाईक, हातात माशांच्या खाद्याचा डबा घेतलेला एक म्हातारा, तोही नळीकडे आणि मग मास्तरांकडे बघायला लागला.

"नीट बघा."

"बघितलं. पिवळा. शून्य."

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हिरवा आहे हो. फिकट, पण हिरवाच आहे."

मास्तरांनी नळी हातात घेतली. दुकानाच्या दाराशी गेले, उजेडात धरली. मान तिरपी केली. रस्त्यावरून माणसं जात-येत होती. त्यांनी त्यातल्या एकीला, पूर्ण अनोळखी बाईला, थांबवून विचारलं, "ताई, हा रंग कोणता?"

"हिरवा," ती म्हणाली आणि काहीतरी फसवणूक असावी असं वाटून झपझप पुढे गेली.

लेकीला मग एकेक गोष्ट आठवायला लागली. एक काळा आणि एक निळा मोजा घालून बाबा बँकेत गेले होते. आईच्या आजारपणात भान नसतं, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. पुढच्या खोलीचे पडदे त्यांनी 'छान दुधाळ पांढरे' म्हणून आणले, ते पिवळसर होते. कोणाला बोलायचं धाडस झालं नाही. रंगाबद्दल मास्तरांना बोलणार कोण?

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी दिवा मारून बघितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, जुना. "आतलं भिंग चहाच्या पाण्यासारखं झालंय. त्यातून जग बघता तुम्ही. फार हळूहळू होतं हे, त्यामुळे माणसाला कळत नाही. ऑपरेशन करून घ्या, साधं असतं."

"किती वर्षांचा असेल?"

"नक्की कसं सांगू? पण आठ-दहा वर्षं तरी चढत आला असेल."

ऑपरेशन, थेंब, चष्मा याबद्दल त्या पुढे बरंच बोलल्या. मास्तर ऐकत नव्हते. निवृत्त होऊन त्यांना दीड वर्षही झालं नव्हतं.

बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. लेकीला वाटलं, माशांचं दुःख. मग ते बोलायला लागले, आणि तिला पहिल्यांदा जिगरवाल्याबद्दल कळलं.

जिगर म्हणजे कापड रंगवायचं एक यंत्र. दोन रुळांवरून कापड रंगाच्या पाण्यात मागे-पुढे फिरतं. त्यावर काम करणारा तो जिगरवाला. गडी हाडाचा कामसू, हसतमुख. सहा वर्षांपूर्वी त्यानं रंगवलेला निळ्या मालाचा एक मोठा गठ्ठा गिऱ्हाइकानं परत पाठवला, रंग भलताच म्हणून. जावईबापूंनी त्या दिवशी 'जुळत नाही' असा आकडा दाखवला होता. मास्तरांनी तो खोडून 'जुळला' असा शिक्का मारला होता. चौकशी झाली तेव्हा मास्तर म्हणाले, मी बघितला तेव्हा रंग बरोबर होता, म्हणजे माझ्यामागे यानं पुन्हा रंगात काही कालवलं असणार. जिगरवाला हात जोडून म्हणत होता, मी काही केलं नाही, हाच तो माल. मग कोणीतरी म्हणालं, प्यायला असेल. मास्तर त्यावर हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. कागदावर 'नशेत कामात हयगय' असं लिहिलं गेलं आणि जिगरवाला दारातून बाहेर गेला.

"तो कधी सुपारीच्या खांडालाही शिवायचा नाही," मास्तर पायरीवर बसून म्हणाले. "मला माहीत होतं ते."

लेक त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

जुन्या सहकाऱ्यांना विचारत विचारत मास्तरांनी त्याचा पत्ता काढला. एका धुलाईच्या कारखान्यात तो हॉटेलांच्या चादरी धूत होता. मास्तर दुपारच्या सुट्टीत तिथे पोहोचले. जिगरवाला वाफेनं भरलेल्या खोलीतून बाहेर आला, ओले हात पुसत. केस पार पांढरे झाले होते. त्यानं मास्तरांना ओळखलं आणि सवयीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"या, साहेब. इकडे कुठे वाट चुकलात?"

"तुझ्याकडेच आलो."

"बसा. इथे ओलं आहे, तिथे बसा." त्यानं उलटी बादली पुढे सरकवली. "इथे सगळं पांढरंच असतं. जुळवायचं काही नाही. डोक्याला ताप नाही."

मास्तरांनी वाटेत शंभर वेळा घोळवलेलं बोलणं बाजूलाच राहिलं. ते एकदम म्हणाले, "माझे डोळे गेले होते. त्या वेळीच गेले होते. तुझा माल चुकीचा होता हे मला दिसलंच नाही. तू दाखवायला आणलास तसाच मी पुढे पाठवला. तुझा काही गुन्हा नव्हता."

जिगरवाल्यानं फडक्याची घडी घातली.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुमचे डोळे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच्याही आधी वर्षभर. निळ्या-हिरव्यात तुम्ही चुकायचात. आम्ही आपसात सांभाळून घ्यायचो. दोन तुकडे करून ठेवायचो, तुम्ही भलताच पास केलात तर गुपचूप माल पुन्हा रंगवून बरोबरचा तुकडा पुढे ठेवायचो. त्या दिवशी माल मोठा होता, वेळ मिळाला नाही."

"मग मला कोणी बोललं का नाही?"

जिगरवाल्यानं पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "तुम्हाला? तुम्हाला कोण सांगणार, साहेब? यंत्राचं तरी कुठे ऐकलंत?"

आत घंटा वाजली. सुट्टी संपत आली होती. मास्तर घाईघाईनं म्हणाले, "मी लिहून देतो. कारखान्यात जातो, मालकांना सांगतो. तुझ्या नावावरचं ते पुसून काढतो."

"काढा की." तो उठला. "बायकोनं तो कागद वाचला होता. नशेत, म्हणून. तिचा बाप पिऊन मेला होता, तिला त्या शब्दाचं भय होतं. मी शपथा घेतल्या. ती म्हणाली, एवढे मोठे मास्तर खोटं कशाला बोलतील? पोरीला घेऊन गेली. पहिली दोन वर्षं पोरीची पत्रं यायची." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "तुम्हाला बरं वाटणार असेल तर लिहा. मला बरं वाटावं म्हणून नका लिहू. आणि पुन्हा येऊ नका, साहेब. इथे मला कोणी काही विचारत नाही, तेच बरं आहे."

मास्तर तरीही कारखान्यात गेले. जुने मालक आता येत नसत. त्यांचा मुलगा होता. त्यानं चहा मागवला, पत्र उभ्या उभ्या वाचलं, आणि अदबीनं म्हणाला, "काका, कशाला आता जुनी मढी उकरता? तुमचं नाव अजून इथे लोक घेतात. राहू दे ना ते तसंच." पत्र त्यानं खणात टाकलं. खण बंद झाल्याचा आवाज मास्तरांना जिना उतरेपर्यंत ऐकू येत होता.

घरी टाकी चालूच होती. लेकीनं ते आकडेवालं यंत्र आणलं होतं, तीच आता पाणी तपासायची. महिन्यानं आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. "बाबा, आता खरंच शून्य आहे. मासे आणू या," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, बघू. तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. दुकानदारणीनं स्वतःहून निरोप पाठवला, की चूक तिचीही होती, तिनं पाणी बघितल्याशिवाय मासे द्यायला नको होते, येऊन नवे घेऊन जा. मास्तर गेले नाहीत.

मासे गेल्यापासून बायकोची मान हळूहळू पुन्हा उजवीकडे गेली. आधी वाटलं, रुसली असेल. मग ताटातली डावी बाजू राहायला लागली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, कधी कधी असं होतं, माशांमुळेच असं नाही. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. सांत्वनाचे शब्द त्यांना आता लगेच ओळखू यायचे.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा त्यांना सगळ्यात आधी डॉक्टरीण बाईंच्या मागचा पडदा दिसला, आणि त्या निळ्या रंगानं ते दचकले. इतका निळा निळा त्यांनी किती वर्षांत बघितला नव्हता! लेक हसत होती. "कसं वाटतंय, बाबा?" ते म्हणाले, "छान." घरी येईपर्यंत रस्त्यावरची प्रत्येक पाटी, प्रत्येक सदरा, भाजीवाल्याच्या टोपलीतलं प्रत्येक पान त्यांच्या अंगावर येत होतं.

दुपारी बायको झोपल्यावर त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. कारखान्यात ते जुळवलेल्या मालाची एकेक जोडी ठेवून घेत, गिऱ्हाइकाचा तुकडा आणि आपला तुकडा, शेजारी शेजारी चिकटवून, खाली तारीख. हौस म्हणून. निवृत्त होताना ती वही त्यांनी मागून आणली होती. ती घेऊन ते खिडकीपाशी बसले आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

पहिली पानं निर्मळ होती. तुकडे असे जुळलेले की मधली रेघ शोधावी लागावी. मास्तर सावकाश पानं उलटत गेले. निम्म्याच्या पुढे एका हिरव्या जोडीवर बोट थांबलं. जरासं काहीतरी होतं. पुढच्या पानावर नव्हतं. त्याच्या पुढच्या पानावर होतं. मग निळे आले, आणि निळ्यांनंतर जांभळे, आणि दोन तुकड्यांमधली रेघ दर पानावर अधिक ठळक व्हायला लागली. शेवटी शेवटी तर कोणाही लहान मुलानं बोट ठेवून सांगितलं असतं. प्रत्येक पानाखाली त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. जुळला.

मधले बरे दिसणारे तुकडे सांभाळून घेणाऱ्यांनी गुपचूप बदललेले असावेत, हेही त्यांच्या लक्षात आलं.

त्यांनी तारखा बघितल्या. जिगरवाल्याच्या आधीच्याही होत्या, नंतरच्याही. त्या काळात ते आणखी कोणाकोणावर ओरडले होते? एका बाईला रडू फुटलं होतं, ते आठवलं. ती रंग तोलून द्यायची. एक जण न सांगता काम सोडून गेला, त्याला सगळे 'फुंकणी' म्हणायचे. का गेला होता तो? आणखी एक होता, चेहरा आठवत होता, पण त्याचं नाव किंवा काम आठवत नव्हतं. मास्तर तारखांवरून बोट फिरवत राहिले. वहीत कापडाचे तुकडे होते, शिक्के होते. कोणी रंगवलं, ते लिहिलेलं नव्हतं.

"अहो," पलंगावरून आवाज आला. ती जागी झाली होती. "काय करताय?"

"काही नाही गं. जुनं काम बघतोय."

"चांगलं केलंत हो तुम्ही काम," ती झोपेतल्या आवाजात म्हणाली. "माणसं अजून नाव काढतात."

मास्तरांनी वही मिटली नाही. ते पुढच्या पानावर गेले.